माळ्यावरची बाटली
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नंदुरबारला पथारी म्हटलं की अंथरूण कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. येते ती शहराबाहेरच्या मोकळ्या रानात वाळत घातलेली लाल मिरची. माझे काका मिरचीचे व्यापारी. ढिगातली एक मिरची उचलायची, उजेडात रंग बघायचा, मोडून आवाज ऐकायचा, मग वास घ्यायचा. जिभेची पाळी शेवटी. रेड वाइनची पारख कशी करतात हे सांगायला बसलो आणि मिरचीत शिरलो, कारण क्रम जवळपास तोच आहे.

2013 साली माझ्या मुलीच्या बारशाला नाशिकच्या मित्रानं शिराज द्राक्षाच्या, ओकच्या पिंपात मुरवलेल्या सारख्याच दोन बाटल्या घेतल्या. एक मला दिली, एक स्वतःकडे ठेवली. दहा वर्षांनी दोन्ही एकदम उघडायच्या, असं ठरलं. मी माझी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर उभी ठेवली. जुनी होईल तशी ती आपोआप चांगली होणार, या भरवशावर.

2023 मध्ये मित्र त्याची बाटली घेऊन आला. माझ्या बाटलीचं बूच किंचित वर आलं होतं, तोंडाशी चिकट ओघळ होता. दोन्ही पेले पांढऱ्या कागदावर तिरके धरले. रेड वाइन तरुणपणी जांभळट असते, वयानं कडेला विटकरी होत जाते. मित्राची मध्ये गडद लाल आणि कडेला विटकरी होती. माझी सगळीच काढ्यासारखी तपकिरी. मग पेला हलकेच फिरवून नाक आत घातलं. त्याच्या पेल्यात आधी पिकलं जांभूळ, मागून तंबाखू आणि जुनं चामडं. माझ्या पेल्यात करपलेला गूळ आणि व्हिनेगर.

खरी परीक्षा तोंडात होते. घोट लहान घ्यायचा, तोंडभर फिरवायचा. पारख करणारे तो गिळत नाहीत, थुंकतात. दिवसाला पन्नास वाइन चाखायच्या तर दुसरा उपाय काय? हिरड्या आवळल्या जातात तो टॅनिनचा गुण. हे द्रव्य द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं, चहातही असतं. आपल्या सहा रसांतला तुरट तो हाच. तोंडाला पाणी सुटतं ते आंबटपणामुळे. वर्षानुवर्षं बाटलीत टॅनिनचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि तुरटपणा मऊ होतो. म्हणूनच जुनी वाइन दुसऱ्या भांड्यात हळू ओततात, गाळ मागे ठेवून. सातपुड्यातल्या मोहाच्या दारूत हे घडत नाही. ती वाफेतून उतरलेली, तिच्यात टॅनिन येतच नाही.

नवी वाइन पुढे टिकेल का, हे ओळखायचं तर तुरटपणा, आंबटपणा आणि फळाचा भरीवपणा हे तिन्ही आजच हजर हवेत. तुरटपणा भरपूर आणि फळ नाही, तर दहा वर्षांनी फळ उगवणार नाही. घोट संपल्यावर चव किती वेळ रेंगाळते तेही मोजावं. आपल्या महाराष्ट्रात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये. दिवसाच्या उन्हानं साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. हिवाळ्यातल्या थंड रात्री तो थोडाफार सांभाळतात. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकाव्यात अशाच असतात. मित्रानं दिलेली त्यातली नव्हती, म्हणून तर हळहळ.

कारण वाइन टिकते ती बारा ते पंधरा अंशांत, अंधारात, आडवी ठेवलेली. आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. वाळलं की हवा आत जाते. नंदुरबारचा मे महिना चाळिशी सहज ओलांडतो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. असे दहा उन्हाळे मी त्या बाटलीला दाखवले. मित्रानं त्याची थंड कपाटात ठेवली होती, पण 'तू कुठे ठेवलीस?' असं मला दहा वर्षांत एकदाही विचारलं नाही, हा माझा त्याच्यावरचा राग अजून आहे.

काका दारूला कधी शिवले नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी दोन्ही पेले नाकाशी नेले, थोडे थांबले, आणि मित्राच्या पेल्याकडे बोट करून म्हणाले, "हा माल शीतगृहातला." मग माझा पेला बाजूला सरकवत, "आणि हा पथारीवर विसरलेला."