काखेतली तुरटी

सोलापूरच्या मे महिन्यात घाम फारसा दिसत नाही, त्याचे मीठ दिसते. दुपारी नवी पेठेत गडद शर्ट घातलेला माणूस पाठमोरा पाहा. पाठीवर आणि काखेखाली पांढऱ्या, वेड्यावाकड्या रेघा उमटलेल्या असतात. पारा ४२-४३ अंशांवर, हवा ठणठणीत कोरडी. घाम आला की लगेच उडून जातो आणि कापडावर खारा डाग तेवढा उरतो. त्याच वेळी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या कारखान्यात शिरलात तर उलटा प्रकार. कोरड्या हवेत सुती धागा तुटतो, म्हणून आतला ओलावा जपावा लागतो. तिथे घाम उडत नाही, ओघळतो. कामगार बनियनवर असतो, गळ्यात टॉवेल असतो आणि दर दोन मिनिटांनी हात त्या टॉवेलकडे जातो.

घाम ही शरीराची शीतकरणाची व्यवस्था आहे, आणि ती पाणी वाहण्यावर नव्हे तर पाणी उडण्यावर चालते. एक लिटर घाम त्वचेवरून उडाला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. अंगमेहनतीच्या कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो. म्हणून उन्हातून आलेल्या माणसाला सुका घाम सुखाचा आणि कारखान्यातल्या माणसाला ओला घाम जाचाचा. या शहरात घामाशिवाय उन्हाळा काढता येणार नाही, हे आधी मान्य करून मग डिओकडे वळावे.

आपल्या त्वचेत २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. त्यांतल्या बहुतेक सगळ्या साध्या: कपाळावर, पाठीवर, तळहातांवर, सगळीकडे. त्यांच्या घामात पाणी आणि मीठ, बाकी नावापुरते. या घामाला वास नसतो. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी प्रामुख्याने काखेत आणि जांघेत असतात. त्या केसांच्या मुळाशी उघडतात आणि वयात येईपर्यंत झोपलेल्या असतात. त्यांचा स्राव थोडा, दाटसर, त्यात प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ. गंमत अशी की तोही ताजा असताना गंधहीनच असतो.

मग वास येतो कुठून? काखेतल्या जिवाणूंकडून. उबदार, ओलसर, केसाळ, हवा न लागणारी अशी ही जागा. कोरिनेबॅक्टेरियम आणि स्टॅफिलोकॉकस कुळांतले जिवाणू तो दाट स्राव खातात आणि त्याचे तुकडे करतात. त्यातून जी आम्ले आणि गंधकयुक्त संयुगे सुटतात त्यांचा वास म्हणजे आपण ज्याला घामाचा वास म्हणतो तो. कांदा चिरून ठेवावा तसा उग्र वास येतो तो गंधकाच्या संयुगांचा. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये स्टॅफिलोकॉकस होमिनिस या जिवाणूतले नेमके विकरही शोधून काढले, जे हे काम करते. माणसामाणसांत फरक असतो तो काही अंशी जन्मजात. एबीसीसी११ नावाच्या जनुकाचा एक प्रकार पूर्व आशियात फार आढळतो. तो आईवडील दोघांकडूनही आला असेल तर काखेला जवळजवळ वास येत नाही आणि कानातला मळही कोरडा असतो. आपल्याकडे बहुसंख्यांचे नशीब तसे नाही.

थोडक्यात, ओल ही एक गोष्ट आणि वास ही दुसरी. बाजारात मिळणाऱ्या दोन वस्तू या दोन वेगवेगळ्या गोष्टींवर काम करतात आणि दुकानात मात्र त्या एकाच फळीवर, एकाच नावाने उभ्या असतात. किराणा दुकानात ‘डिओ द्या’ म्हटले की हातात पडतो तो बहुधा सुगंधी फवारा. त्यात अल्कोहोल, अत्तर आणि फवारा बाहेर ढकलणारा वायू. अल्कोहोल काही जिवाणू मारते, सुगंध उरलेला वास झाकतो. घाम तेवढाच येतो. रमजानमध्ये विजापूर वेशीतल्या बाजारातून आणलेली अत्तराची कुपी असो की दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा, वास झाकण्याचे हे काम आपल्याकडे फार जुने आहे.

घाम रोखणारे ते अँटिपर्स्पिरंट. ते ओळखायची खूण सोपी आहे. डबीच्या मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते, तीत ‘ॲल्युमिनियम’ हा शब्द शोधा. ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट किंवा ॲल्युमिनियम-झिर्कोनियमचा एखादा क्षार लिहिलेला असेल तरच ते घाम कमी करणार. नसेल तर डबीवर कितीही तास ‘फ्रेश’ राहण्याचे आश्वासन छापलेले असो, शर्ट भिजायचा तो भिजणारच.

हा ॲल्युमिनियम करतो काय, हे समजायला सोलापूरकराला प्रयोगशाळेत जायला नको. उजनीचे गढूळ पाणी आले की घरातली आजी तुरटीचा खडा हंड्यात तीनदा फिरवते आणि झाकण ठेवून देते. सकाळी वर नितळ पाणी, तळाला गाळ. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचे सल्फेट. पाण्यात विरघळल्यावर तिच्यातल्या ॲल्युमिनियमचा चिकट, बुळबुळीत हायड्रॉक्साइड तयार होतो, तो मातीचे कण पकडतो आणि खाली बसतो. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांतही तुरटी किंवा तिच्याच गोतावळ्यातले ॲल्युमिनियमचे क्षार हेच काम मोठ्या प्रमाणावर करतात.

काखेत नेमके तेच घडते, फक्त हंड्याच्या जागी घामाची केसापेक्षा बारीक नळी असते. क्षार घामात विरघळतो, तोच चिकट हायड्रॉक्साइड तयार होतो, घामातली प्रथिने पकडतो आणि नळीच्या तोंडाशी बूच बसते. ग्रंथीला इजा होत नाही, ती बुचामागे थांबते. त्वचा झडत राहते, आंघोळीत घासली जाते, तसे काही दिवसांत बूच आपोआप निघून जाते. हे बूच पक्के नसते, हेही लक्षात ठेवावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमानुसार अँटिपर्स्पिरंट म्हणवून घ्यायला घाम २० टक्के कमी करून दाखवला तरी पुरते, आणि ‘जास्त परिणामकारक’ म्हणायला ३० टक्के.

ते लावायची वेळ मात्र बहुतेकांची चुकते. सकाळी आंघोळ करून, घाईत, ओल्या काखेत लावायचे आणि लगेच उन्हात निघायचे, असा आपला शिरस्ता. बूच बसायच्या आधीच घाम त्याला धुऊन टाकतो. रात्री झोपताना, काख कोरडी पुसून लावले तर ग्रंथी शांत असताना ते नीट बसते आणि सकाळच्या आंघोळीनेही जात नाही. नुकतेच रेझर फिरवले असेल तर त्या रात्री लावू नये. आग होते आणि पुरळ उठते.

तुरटीचा खडाच ओला करून काखेत फिरवला तर? चालतो. न्हावी दाढीनंतर फिरवतो तोच हा खडा. तुरटी आम्लधर्मी असल्याने जिवाणूंची वाढ दबते, वास कमी होतो. घाम मात्र ती फारसा रोखत नाही. पण हाच खडा घासूनपुसून, गुळगुळीत करून ‘ॲल्युमिनियममुक्त नैसर्गिक क्रिस्टल’ म्हणून शेकडो रुपयांना विकला जातो, ते चूक आहे. तुरटीत ॲल्युमिनियम आहेच. लिंबू आणि खाण्याचा सोडा चोळण्याचे सल्ले तर सरळ सोडून द्यावेत. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर भाजल्यासारखे डाग पडतात.

आता भीतीबद्दल. अँटिपर्स्पिरंटने स्तनाचा कर्करोग होतो, असा संदेश बायकांच्या गटांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तनाचा कर्करोग झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ स्त्रियांच्या सवयी तपासल्या गेल्या. अँटिपर्स्पिरंट, डिओ किंवा काखेचे केस काढणे, कशाचाही संबंध आढळला नाही. घाम अडवला की ‘विष’ आत साठते, हेही खरे नाही. शरीरातली घाण बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंड आणि यकृत करतात, काख नव्हे. त्वचेतून आत जाणारा ॲल्युमिनियम अत्यल्प असतो. युरोपीय आयोगाच्या ग्राहक सुरक्षेवरील वैज्ञानिक समितीने २०२० मध्ये ठरलेल्या प्रमाणातला वापर सुरक्षित मानला आहे.

दोन अपवाद मात्र खरे आहेत. ज्यांची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत किंवा जे डायलिसिसवर आहेत, त्यांच्या शरीरातून ॲल्युमिनियम नीट बाहेर पडत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. आणि मॅमोग्राफीला जाताना त्या दिवशी काखेत काही लावू नये, कारण धातूचे कण चित्रात गाठीतल्या कॅल्शियमसारखे दिसू शकतात.

काखेतला घाम अडला तर उष्माघात होईल का? नाही. काखा मिटलेल्या असतात, तिथून तसाही घाम फारसा उडत नाही. शरीर गार ठेवण्याचे काम छाती, पाठ, कपाळ करतात. म्हणूनच ही वस्तू काखेपुरतीच ठेवावी. पाठीला, पोटाला चोपडू नये, विशेषतः उन्हात काम करणाऱ्यांनी. घामाच्या नळ्या बंद झाल्या की काय होते, ते आपण दर उन्हाळ्यात पाहतोच: घामोळे म्हणजे तेच. त्यावर लावायची ‘थंडगार’ पावडरही जपून लावावी. तिच्यातला मेन्थॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवतो, त्यामुळे गार वाटते. अंगाचे तापमान मात्र अर्ध्या अंशानेही उतरत नाही. आणखी एक गोष्ट सोलापुरात सांगायलाच हवी. फवाऱ्याचा डबा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका. आत ज्वालाग्राही वायू दाबाखाली असतो आणि मे महिन्यातल्या बंद गाडीत त्या डब्यावर छापलेली ५० अंशांची मर्यादा केव्हाच ओलांडली जाते.

मला सर्वांत जास्त खुपते ती या वस्तूंभोवती उभी केलेली लाज. अमेरिकेत १९१२ च्या सुमारास एडना मर्फी या तरुणीने ‘ओडोरोनो’ नावाचे अँटिपर्स्पिरंट विकायला काढले. तिच्या डॉक्टर वडिलांनी ते शस्त्रक्रियेच्या वेळी हात कोरडे राहावेत म्हणून बनवले होते. लोकांना गरज वाटेना, तेव्हा १९१९ मध्ये जाहिरातीतून बायकांना सुचवण्यात आले की तुमच्या अंगाला वास येतो आणि तुम्हाला तो कळत नाही, मागे लोक बोलतात. वाचक चिडले, खप वाढला. आपल्याकडे तीच युक्ती अश्लीलतेच्या वाटेने आली. २०११ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला डिओच्या जाहिरातींबद्दल जाहिरात मानक परिषदेकडे तक्रार न्यावी लागली. या सगळ्याचा मारा होतो तो आठवी-नववीतल्या मुलामुलींवर, ज्यांच्या काखेतल्या ग्रंथी नुकत्याच जाग्या झालेल्या असतात. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे ‘आंघोळ करत नाहीस का?’ हा प्रश्न वर्गात सर्वांसमोर विचारणे क्रूरपणाचे आहे. तांब्याभर पाणी, साबण आणि पंचाने काख कोरडी पुसणे, एवढ्यानेही वास बराच आटोक्यात येतो. ज्यांच्या तळहातांतून परीक्षेत उत्तरपत्रिका भिजेल इतका घाम गळतो, त्यांना आजार आहे, आळस नव्हे. सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात त्यावर उपचार सांगितले जातात. रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येत असेल आणि वजन उतरत असेल, तर डिओ शोधू नका, क्षयाची तपासणी करा.

आणि वासाचा निम्मा प्रश्न तर कापडाचा आहे. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये २६ जणांना तासभर सायकलचा व्यायाम करायला लावून त्यांचे टी-शर्ट २८ तासांनी तपासले. पॉलिस्टरच्या शर्टांना सुती शर्टांपेक्षा वाईट वास येत होता. त्यांवर मायक्रोकॉकस जिवाणू जोमाने वाढले होते. सुती धागा ओल आणि वास आत शोषून घेतो. पॉलिस्टर ओल शोषत नाही, तेल मात्र धरून ठेवते, आणि धुतल्यावरही वास पूर्ण जात नाही.

ही गोष्ट सोलापूरने इतरांपेक्षा जास्त मनावर घ्यायला हवी, कारण चादर आणि टॉवेलांचे हे शहर आता शाळांचे गणवेशही शिवते. हे गणवेश बहुतेक मिश्र धाग्याचे असतात. स्वस्त पडतात, इस्त्री टिकते, आणि पालकांनाही तेच परवडतात. पूर्ण सुती गणवेशाचा हट्ट मी धरणार नाही. पण काखेत वीतभर सुती कापडाचा तुकडा जोडून शिवायला कितीसा खर्च येईल? हे शहर सूतही जाणते आणि ऊनही जाणते. इथल्या गणवेश उत्पादकांना विनंती आहे, येत्या जूनच्या मापांत हा एक तुकडा धरा.