गुंगी न आणणारी गोळी

चिंतेवरची गोळी म्हणजे झोपेची गोळी, असे तुम्ही ऐकले असेल. अमेरिकेत १९६३ साली आलेल्या डायझेपामबाबत ते बरेचसे खरे आहे. मेंदूतील ‘गाबा’ हे रसायन चेतापेशींना आवर घालते; डायझेपाम त्याचा जोर वाढवते. हा आवर साऱ्या मेंदूला बसतो, म्हणून चिंतेबरोबर जागेपणही मंदावते. (सवय लागते ती वेगळीच!) सेर्ट्रालीनची गोष्ट निराळी. दोन चेतापेशींमधल्या फटीत सुटलेले सेरोटोनिन पुन्हा पेशीत ओढले जाते. ती ओढ हे औषध रोखते. त्याने बहुतेकांना गुंगी येत नाही. मात्र गुण यायला काही आठवडे लागतात. म्हणूनच ही गोळी रोज घ्यायची असते आणि बरे वाटले तरी आपल्या मनाने बंद करायची नसते. डॉक्टर तिची मात्रा हळूहळू उतरवतात.