मांजर का बिघडते?

मांजर घरोघर असते. कोणी हौसेने पाळतो, कोणी उंदरांसाठी पाळतो. पण मांजराची तक्रारही घरोघर असते. "धान्यावर घाण करतंय." "पोरांना ओरखडतंय." "हात लावला की गुरगुरतंय." मग लोक काय करतात? त्याच्या पाठीत काठी घालतात. तरी फरक पडला नाही, तर पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येतात.

यात कोणाचे भले होते? मांजर गेले की उंदरांचे फावते. कणगीला भोक पडते. पोती कुरतडली जातात. सोडलेले मांजर उपाशी मरते, नाहीतर कुत्र्यांच्या तोंडी सापडते. शिवाय पाळलेले जनावर उपाशीतापाशी मरेल असे सोडून देणे हा १९६० सालच्या कायद्याने गुन्हा आहे.

एक गोष्ट आधी समजून घेऊ. मांजर सूड म्हणून घाण करीत नाही. ते बिघडते, त्याला बहुधा तीन कारणे असतात. ते भ्यालेले असते, किंवा आजारी असते, किंवा त्याची एखादी गरज घरात भागत नसते. कारण सापडले की निम्मे काम झाले. काठीने कारण जात नाही. उलट भीती वाढते, आणि भीतीबरोबर खोडही वाढते.

मांजराचा स्वभाव

माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. धान्यामागे उंदीर आले. उंदरांमागे रानमांजरे आली. अशी मांजराची आणि माणसाची गाठ पडली. ही फार जुनी गोष्ट आहे. सायप्रस नावाच्या बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचे एक थडगे सापडले. त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेले होते.

मांजर माणसाळले, पण त्याचा मूळ स्वभाव राहिला. ते एकटे शिकार करते. स्वतः लहान असल्याने मोठ्या जनावरांना भिते. म्हणून ते सदा सावध असते. त्याला लपायला आडोसा लागतो, बसायला उंच जागा लागते. ओळखीच्या जागेवर त्याचा फार जीव असतो. ती जागा ते वासाने ओळखते. मांजर दाराच्या चौकटीला, आपल्या पायाला गाल घासते, ते उगाच नव्हे. आपला वास लावून ते म्हणते, "ही जागा माझी, ही माणसं माझी."

भ्यालेले मांजर कसे ओळखावे? ते कान मागे पाडते. अंग आकसून घेते. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात. शेपूट आपटू लागते. कुत्रा आनंदाने शेपूट हलवतो, पण मांजराने शेपूट आपटली तर "आता पुरे" असे समजावे. पोरांना हे शिकवा. निम्मे ओरखडे वाचतील.

घाण भलतीकडे का करते?

मांजर मुळात स्वच्छ जनावर आहे. भुसभुशीत माती उकरून ते घाण करते आणि वर माती ओढते. असे जनावर घरात घाण करू लागले, तर काहीतरी अडले आहे हे नक्की.

समजा, एका घरी ज्वारीच्या पोत्यावर मांजर मुतले. सासूबाई संतापल्या.

"बघ गं, पुन्हा पोतं भिजवलं! घाल त्याच्या पाठीत!"

सून म्हणाली, "आत्याबाई, मारून काय होणार? आषाढाचा पाऊस लागलाय. अंगणात चिखल झालाय. दाराशी कुत्रं बसलंय. ते बिचारं जाणार कुठं?"

सुनेने कारण बरोबर ओळखले. आता उपाय सोपा आहे. एक जुने, पसरट घमेले घ्यावे. त्यात चार बोटे कोरडी वाळू किंवा माती घालावी. वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात ते ठेवावे. खाण्याच्या भांड्याजवळ ठेवू नये, कारण खाण्याजवळ मांजर घाण करीत नाही. घाण रोज काढावी, वाळू वरचेवर बदलावी. घरात दोन मांजरे असली तर दोन घमेली हवीतच, तीन असली तर उत्तम. नाहीतर एक दुसऱ्याला वाटेत अडवते.

भिजलेली जागा साबणाने धुऊन उन्हात वाळवावी. वास राहिला तर मांजर पुन्हा तिथेच येते. फिनेल मात्र वापरू नये. मांजर पाय चाटते, आणि फिनेल त्याला विषारी असते. गरोदर बाईने मांजराची घाण काढू नये. त्यातून एक रोग होऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला बाधतो. ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे आणि मग हात साबणाने धुवावेत.

बोक्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. बोका उभा राहतो, शेपूट वर करतो आणि भिंतीवर धार सोडतो. ही त्याची हद्दीची खूण असते. सुमारे सहा महिन्यांचा झाल्यावर बोका खच्ची करून घ्यावा. मग धार सोडणे, रात्री भटकणे, मारामाऱ्या करणे हे बहुतेक कमी होते. मांजरीचीही शस्त्रक्रिया होते. मग नको असलेली पिल्ले होत नाहीत. गुरांच्या दवाखान्यात याची चौकशी करावी.

आजार ओळखा

बोका वारंवार बसतो, कुंथतो, ओरडतो, पण लघवी होत नाही, असे दिसले तर ती खोड नव्हे. त्याची लघवी तुंबली आहे. एकदोन दिवसांत तो दगावू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. गरीब मांजर एकाएकी चावू लागले, खाईनासे झाले, कोपऱ्यात लपून राहू लागले, तरी दुखण्याचीच शंका घ्यावी.

घरातले औषध मनाने देऊ नका. आपण तापावर पॅरासिटामॉलची गोळी घेतो. त्या एका गोळीने मांजर मरू शकते. उंदराचे विषही जपून वापरा. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला, तर मांजरही मरू शकते.

नखे आणि ओरखडे

मांजर खांब, दार, गोधडी नखांनी ओरबाडते. नखांवरची जुनी साल निघावी, अंग ताणले जावे, आपली खूण राहावी, यासाठी ते तसे करते. हे बंद करता येत नाही, पण जागा बदलता येते. एका लाकडी खुंटाला सुतळी किंवा तरट घट्ट गुंडाळा. मांजर उभे राहून अंग ताणील एवढा तो उंच असावा. ते झोपते त्या जागेजवळ खुंट पक्का रोवा. उठल्या उठल्या ते तिथे नखे घासील.

पिल्लाशी खेळताना बोटे पुढे करू नका. लहानपणी ते गमतीने चावते, मोठेपणी तेच चावणे रक्त काढते. दोरीला चिंधी बांधून खेळवा. खेळ झाला की दोरी उचलून ठेवा, नाहीतर ते गिळील. संध्याकाळी असे खेळवून मग खायला दिले, तर रात्रीचा दंगाही कमी होतो.

पिल्ले घडवावी लागतात

मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपण म्हणतो. ती का फिरवते? माणसे डोकावतात, पोरे पिल्ले उचलतात, कुत्रे हुंगत येते. तिला धोका वाटतो, म्हणून ती जागा बदलते. तिला अंधाऱ्या कोपऱ्यात एक पाटी द्या. पाटीत जुने लुगडे अंथरा. पहिले काही दिवस पिल्लांना हात लावू नका.

दुसऱ्या आठवड्यानंतर मात्र पिल्लांना रोज थोडा वेळ मायेने हाताळावे. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसाची जी सवय लागते, ती जन्मभर टिकते. आणि दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. किती जोराने चावावे, नखे कधी आत घ्यावीत, हे ते आई आणि भावंडांकडून शिकते.

पोट आणि निवारा

मांजर उपाशी असले तरच उंदीर मारते, ही समजूत बरोबर नाही. शिकार हा त्याचा स्वभाव आहे, पोट भरलेले असले तरी ते शिकार करते. त्याला ठरलेल्या वेळी खायला द्या. नुसत्या दूधभाकरीवर मांजर धड राहत नाही. त्याला मांस, मासळी लागते. मोठ्या मांजराला दुधाने पुष्कळदा ढाळ लागते. म्हणून पाण्याचे भांडे नेहमी भरलेले असावे. दोन मांजरे असतील तर भांडी वेगळी आणि दूर दूर ठेवा.

माळ्यावर किंवा फळीवर त्याला एक जागा राखून ठेवा. घर बदलले, तर मांजराला काही दिवस एकाच खोलीत ठेवा. त्याचे जुने अंथरूण तिथे टाका. दिवाळीत फटाके वाजतात तेव्हा त्याला लपू द्या, ओढून बाहेर काढू नका.

मांजर चावले तर

मांजरालाही पिसाळण्याचा रोग होतो. तो झाला की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. पण तो टाळता येतो. मांजर चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. तडक सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टर सांगतील तितक्या सुया पुऱ्या करा. मांजरालाही तीन महिन्यांचे झाल्यावर लस टोचून घ्या, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा टोचून घ्या.

लक्षात ठेवा

मांजर बिघडले, तर आधी दुखणे पाहा. मग भीती पाहा. मग गरज पाहा. काठीला हात घालू नका.

आता सांगा

१. तुमच्या मांजराला घाण करायला कोरडी जागा आहे का? पावसाळ्यात ते कुठे जाते?
२. त्याला लपायला आणि उंच बसायला जागा कोणती?
३. मांजर ओरखडले तर पहिल्यांदा काय कराल?
४. गुरांचा दवाखाना तुमच्या गावापासून किती लांब आहे? तिथे लस कधी मिळते?