५४ मिलिमीटरमध्ये मुंबई-पुणे

अमेरिकेत मिनीबाइकचं एक झकास वेड आहे. ठेंगणी चौकट, दोन गुबगुबीत टायर, मागे चेन आणि मध्ये पंपाला किंवा जनरेटरला लावतात तसलं पेट्रोल इंजिन. होंडाचं जीएक्स २०० घ्या. १९६ सीसी, साडेपाच अश्वशक्ती. दिसायला अगदी गरीब. पण याच्या पोटात काय चाललंय त्याचा हिशोब मांडायला बसलं की डोळे पांढरे होतात! चला, मांडूच या.

या इंजिनाला मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास रोखून धरतो तो आतला गव्हर्नर. आता पिस्टन बघा. वर-खाली त्याला जागा किती? ५४ मिलिमीटर! एका फेऱ्यात एकदा वर, एकदा खाली, म्हणजे १०८ मिलिमीटर. मिनिटाला ३८९ मीटर. तासाला २३ किलोमीटर! मुंबई ते पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर. तेवढं अंतर हा पठ्ठ्या सव्वाआठ तासांत कापतो, तेही सिलिंडरच्या बाहेर पाऊल न टाकता. वाटेत साडेपस्तीस लाख वेळा जागच्या जागी थांबतो आणि उलटा फिरतो.

आणि हे झालं कारखान्यातून आलेलं इंजिन. मिनीबाइकवाल्यांचे हात शिवशिवतात ते गव्हर्नर काढायला. तो निघाला, कार्ब्युरेटरचा जेट मोठा झाला, सायलेन्सर बदलला, की काटा ६००० कडे धावतो. आता पिस्टन पाच तासांच्या आत पुण्यात! डेक्कन क्वीनला सव्वातीन तास लागतात खरे, पण तिला दर चार बोटांवर मागे वळावं लागत नाही.

हवा किती लागते? दर दोन फेऱ्यांना एक घोट, १९६ सीसीचा. ६००० फेऱ्यांवर प्रत्येक घोट पुरा भरला, तर मिनिटाला ५८८ लिटर. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल अशी गोल विहीर मनात आणा. साडेतीन लाख लिटरची ती विहीर हवेनं भरलेली असेल, तर हे इंजिन ती दहा तासांत पिऊन टाकेल.

ठिणग्या मोजू. मॅग्नेटो दर फेऱ्याला एक ठिणगी टाकतो. ६००० वर सेकंदाला शंभर! एका ठिणगीला एक रुपया धरला, तर तासाला ३ लाख ६० हजार. अठ्ठावीस तासांच्या आत एक कोटी! गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्या ठिणग्या धूर बाहेर जाताना पडतात. पन्नास लाख रुपये निव्वळ वाया.

ताकद चाकापर्यंत जाते चेनवरून. पुढच्या स्प्रॉकेटला १० दाते, मागच्याला ६०, चाक १९ इंची. इंजिनाचे सहा फेरे, चाकाचा एक. ३६०० वर हिशोबाने ताशी ५५ किलोमीटर, ६००० वर ९१. या गाडीनं मुंबई-पुणे गाठायचं तर पुढच्या स्प्रॉकेटच्या दातांवरून चेनच्या सुमारे ७६ लाख कड्या जातील!

फ्लायव्हीलचा व्यास १८ सेंटीमीटर धरा. ३६०० वर त्याची कड ताशी १२२ किलोमीटरनं फिरते. ६००० वर २०४! वंदे भारत १६० वर थांबते. आणि कड असते ओतीव लोखंडाची, चालवणाऱ्याच्या पायापासून वीतभर अंतरावर.

आता श्वास रोखा. धूर बाहेर ढकलून पिस्टन वरच्या टोकाला पोचला की कनेक्टिंग रॉडनं त्याला खाली खेचायचं असतं. पिस्टन, पिन, रिंगा मिळून वजन समजा २०० ग्रॅम. ३६०० वर त्यासाठी लागते सुमारे १०० किलोची ओढ. धान्याचं एक अख्खं पोतं! फेरे वाढले दीडपटीहून थोडे जास्त, पण ओढ वर्गानं वाढते. ६००० वर जवळजवळ तीन पोती. सेकंदाला पन्नास वेळा! ८००० पर्यंत नेलं तर पाच पोती, सेकंदाला ६७ वेळा! मिनिटभरातल्या साऱ्या ओढी एकावर एक रचल्या तर दोन हजार टन. डब्ल्यूएपी-७ हे विजेचं रेल्वे इंजिन १२३ टनांचं. अशी सोळा इंजिनं, एका मिनिटात, बोटाएवढ्या अॅल्युमिनियमच्या दांड्यावर!

म्हणून जाणकार मिनीबाइकवाला कामाचा क्रम उलटा लावतो. आधी अखंड ठोकळ्यातून कातलेला रॉड, मग तसंच फ्लायव्हील, मग वाल्वच्या कडक स्प्रिंगा. गव्हर्नरला हात सगळ्यात शेवटी.