विकत घेण्याआधी घराचा उकाडा मोजा

बारामतीत किंवा इंदापुरात घर विक्रीला निघालं की एजंट चार गोष्टी हमखास सांगतो: पूर्वेचं दार, नगरपरिषदेचं पाणी, गाडी लावायला जागा आणि हल्ली गच्चीवरचं सोलर. मे महिन्यात रात्री दहा वाजता वरच्या खोलीत झोप लागते का, हे मात्र कोणी सांगत नाही. घर वीज वाचवणारं आहे की वीज खाणारं, हे तिथंच कळतं.

ब्रिटनमध्ये घर विकताना ते किती ऊर्जा खातं याचा ‘ए’ ते ‘जी’ अशा श्रेणीतला दाखला द्यावा लागतो. आपल्याकडे केंद्राने २०१८ साली घरांच्या बांधकामासाठी ‘इको निवास संहिता’ आणली, पण जुनं घर विकताना असा दाखला कोणी मागत नाही. म्हणजे तपासणी घेणाऱ्यानेच करायची. ती अवघड नाही. समजा, एमआयडीसीच्या वाटेवर एक रो-हाऊस विक्रीला आहे. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर. ते क्रमाने पाहू.

छत. आपल्याकडे घर आधी वरून तापतं. बारामती साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथं भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत उन्हाचा सगळ्यात मोठा मारा स्लॅबवर होतो. पाच-सहा इंचांचं काँक्रीट दिवसभर उष्णता पितं आणि संध्याकाळी ती खाली सोडू लागतं. इंदापूरकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असे. तो तापेपर्यंत दिवस कलायचा. स्लॅबला ती जाडी नाही, म्हणून त्याच्यावर काय घातलंय ते बघायचं. पांढऱ्या चायना मोझेकची गच्ची बरंचसं ऊन परत फेकते, काळपट कोबा ते शोषून घेतो. दुपारी चार वाजता वरच्या खोलीत स्टुलावर उभं राहून स्लॅबला खालून तळहात लावा. धग जाणवली, तर त्या खोलीला रात्री कूलर किंवा एसी लागणार हे धरून चाला. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग देणं हा त्यावरचा स्वस्तातला उपाय आहे.

भिंती. रात्री नऊला पुन्हा जा आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा. मग पूर्वेच्या भिंतीला लावा. फरक लगेच कळेल. नऊ इंची विटांच्या भिंतीतून उष्णता आत यायला काही तास लागतात. त्यामुळे संध्याकाळचं ऊन ऐन झोपेच्या वेळी उशाशी येतं. झोपायची खोली त्या बाजूला असेल, तर बाहेर झाडाला जागा आहे का ते पाहा.

खिडक्या. दक्षिणेच्या खिडकीची फारशी काळजी नको. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४८ अंशांवर असतो, ऊन आत येतं आणि थंडीत ते हवंच असतं. उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर असताना दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेला तो उपयोगी पडत नाही, कारण तिथलं ऊन तिरपं येऊन छज्ज्याखालून शिरतं. तिथं जाळी किंवा चिकाचा पडदा हवा, तोही बाहेरून. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोहोचलं की उष्णता घरात आलेलीच असते. दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते, हेही ध्यानात ठेवा. वारा खेळायचा तर समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या हव्यात.

बिल. मालकाकडे वर्षभराची बिलं मागा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. फेब्रुवारी आणि मे यांच्या युनिटांतला फरक, हीच त्या घराच्या उकाड्याची किंमत. पंख्यांचाही हिशोब करा. ७५ वॅटचे चार पंखे रोज १५ तास चालले तर महिन्याला १३५ युनिट जातात. ३० वॅटचे बीएलडीसी पंखे असतील तर ५४. घरगुती दर १०० युनिटांनंतर वाढतो आणि ३०० नंतर आणखी वाढतो, म्हणून ही ८१ युनिटं बहुधा महागड्या टप्प्यातलीच वाचतात.

सोलर असेल, तर केवळ बिलाच्या रकमेवर जाऊ नका. नेट मीटरिंगमध्ये बाहेर दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होते, त्यामुळे भट्टीसारखं तापणाऱ्या घराचं बिलही कमी दिसू शकतं. बिलावरचे घेतलेल्या आणि दिलेल्या युनिटांचे आकडे वेगळे वाचा.

सोलर. एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरतात. म्हणजे ३ किलोवॅटचा संच चांगल्या महिन्यात ३६० युनिटांच्या आसपास देतो, पावसाळ्यात कमी. सकाळी दहाला आणि दुपारी तीनला गच्चीवर जाऊन पॅनेलवर टाकीची सावली येते का ते बघा. एका पॅनेलवर सावली पडली तरी ओळीतल्या बाकीच्यांची वीज घटू शकते. दक्षिणेला मोकळा प्लॉट असेल, तर उद्या तिथं याहून उंच घर उभं राहू शकतं आणि हिवाळ्यातली सावली तुमच्या पॅनेलवर येऊ शकते. नेट मीटरिंगचा करार, पॅनेल व इन्व्हर्टरच्या वॉरंटीचे कागद ताब्यात घ्या आणि वीजजोडणी आपल्या नावावर करून घ्या. संच नसला तरी बिघडत नाही: २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. सोलर नंतर बसवता येतं, भिंतीची दिशा बदलता येत नाही.

पाणी. सोलर बंबाला बोअरचं पाणी जोडलं असेल, तर नळ्यांत क्षार साचलेत का ते विचारा. पाणी खालच्या टाकीतून वर चढवायला एक अश्वशक्तीची मोटार तासाला साधारण एक युनिट घेते. गळका नळ विजेचंही नुकसान करतो.

गल्ली. एमआयडीसी आणि शिक्षणसंस्थांमुळे या भागात मराठवाड्यातली, सोलापूरकडची, उत्तरेकडची कुटुंबं शेजारी-शेजारी राहतात. घर घेणाऱ्याच्या हे फार उपयोगाचं आहे. रात्रपाळी करून दिवसा झोपणारा शेजारी दुपारचा उकाडा सांगेल, शिक्षिका संध्याकाळचा, घरी असणाऱ्या आजी वारा कुठून येतो ते सांगतील. आपल्या घरातलं कोण कधी झोपतं, त्याप्रमाणे त्यांची उत्तरं तोलून पाहा. शाळा, मंडई आणि एसटी स्टँड पायी अंतरावर असेल तर वाचलेलं पेट्रोलही याच हिशोबात धरा.

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड वकिलाला दाखवाच. पण इसार देण्याआधी एक दुपार आणि एक रात्र त्या घराला द्या.