कर्मचारी कपात, शासकीय

शासनयंत्रणेतील मंजूर पदांची अथवा प्रत्यक्ष कार्यरत सेवकांची संख्या धोरणपूर्वक घटविण्याच्या प्रक्रियेस शासकीय कर्मचारी कपात म्हणतात. महसुली तूट, एखाद्या कराचे वा योजनेचे निर्मूलन, कामकाजाचे यांत्रिकीकरण व खात्यांची पुनर्रचना ही तिची प्रमुख कारणे होत. पदे किती ठेवावयाची हे ठरविण्यात वित्त विभागाचा वाटा मोठा असतो. त्या पदांवरील माणसांचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र कार्मिक प्रमुखाकडे येतो. केंद्र शासनात यासाठी १९७० मध्ये स्वतंत्र कार्मिक विभाग स्थापन झाला. महाराष्ट्र शासनात सेवाविषयक धोरण सामान्य प्रशासन विभाग, तर बृहन्मुंबई महानगरपालिकेत प्रमुख कर्मचारी अधिकारी पाहतात.

कायदा पद आणि पदधारक यांत भेद करतो. संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदानुसार शासकीय सेवकास चौकशीशिवाय सामान्यतः बडतर्फ किंवा पदावनत करता येत नाही. तथापि प्रशासकीय गरजेस्तव सद्‌हेतूने पदच रद्द केले, तर ती शिक्षा ठरत नाही आणि हे संरक्षण लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने रामनाथ पिल्ले विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात १९७३ मध्ये दिला. तमिळनाडूने १९८० मध्ये ग्रामाधिकाऱ्यांची पदे रद्द केली. ती कृतीही न्यायालयाने १९८२ मध्ये वैध ठरविली.

व्यवहारात मात्र कायम सेवकास घरी पाठविण्याचे प्रसंग विरळाच. केंद्र शासनाने १९६६ मध्ये अतिरिक्त कर्मचारी कक्ष सुरू केला. पद गेलेल्या सेवकास अन्य कार्यालयातील रिक्त जागेवर सामावून घेणे, हे त्याचे काम. यासंबंधीचे नियम १९९० मध्ये करण्यात आले. पर्यायी पद न मिळाल्यास पात्र सेवकास भरपाई निवृत्तिवेतन देण्याची तरतूद असते. परिणामी खरी कपात होते ती भरती रोखून. पाचव्या केंद्रीय वेतन आयोगाने १९९७ मध्ये दहा वर्षांत ३० टक्के कपात सुचविली होती. मे २००१ मध्ये केंद्राने थेट भरती एकूण संख्येच्या एक टक्क्यापुरती मर्यादित केली. दरवर्षी सुमारे तीन टक्के सेवक निवृत्त होत असल्याने दोन टक्के घट अपेक्षित होती. महाराष्ट्रात प्रत्येक कार्यालयाची संवर्गनिहाय पदसंख्या ‘आकृतिबंधा’ने निश्चित होते.

मुंबई उपनगरातील मानखुर्द येथील जकात नाका हे या प्रक्रियेचे बोलके उदाहरण होय. वाशीच्या खाडीपुलावरून शहरात येणाऱ्या मालावर तेथे जकात घेतली जाई. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच जकात संपुष्टात आली. तिच्यापासून महापालिकेस वर्षाला सुमारे ७,००० कोटी रुपये मिळत. त्याची भरपाई राज्याने कायद्याने देऊ केली. महापालिकेच्या सेवकांना ३११ वा अनुच्छेद लागू नसतो; तरीही नाक्यांवरील सेवकांना कमी न करता पालिकेच्या अन्य खात्यांत वर्ग करण्यात आले. मात्र जकातीची कागदपत्रे तयार करून देणारे दलाल व नाक्याच्या आधाराने पोट भरणारे इतर लोक कोणत्याही आस्थापनेच्या नोंदवहीत नव्हते. त्यांना सामावून घेण्याचा प्रश्न प्रशासनापुढे आलाच नाही.

भरती रोखून केलेल्या कपातीत एक मूलभूत दोष आहे. जागा रिकाम्या होतात त्या काम कमी झाले तेथे नव्हे, तर माणसे निवृत्त झाली तेथे. त्यामुळे एका कार्यालयात अतिरिक्त सेवक, तर दुसऱ्या रुग्णालयात वा शाळेत तुटवडा, अशी स्थिती उद्भवते आणि ती उणीव बहुधा कंत्राटी सेवकांकरवी भरून काढली जाते. त्यांना कायम सेवकांचे संरक्षण नसते. म्हणजे कपातीचा भार नाहीसा होत नाही. तो कायम सेवकांवरून कंत्राटी सेवकांवर आणि नोकरीची वाट पाहणाऱ्या तरुणांवर सरकतो. म्हणून कपातीचे मूल्यमापन घटलेल्या पदसंख्येवरून न करता, जनतेस मिळणारी सेवा टिकली की नाही आणि तिची किंमत कोणी मोजली, यावरून करणे इष्ट ठरते.