कुरुंदवाडचे लठ्ठे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री कसे झाले?

नृसिंहवाडीहून नदी ओलांडली की कुरुंदवाड. अण्णासाहेब लठ्ठे यांचा जन्म इथलाच, १८७८ चा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते इंग्रजी शिकवायचे आणि शाहू महाराजांच्या जवळचे मानले जायचे. पण पुढे संबंध बिघडले. १९१४ मध्ये कोल्हापूर सोडून त्यांनी बेळगावात वकिली सुरू केली.

तरीही महाराजांच्या निधनानंतर त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं ते लठ्ठेंनीच, १९२४ मध्ये. नंतर ते कोल्हापूरचे दिवाणही झाले.

१९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे अर्थखातं आलं. दारूबंदीमुळे अबकारी महसूल बुडणार होता. तो भरून काढायला त्यांनी १९३९ मध्ये शहरातल्या स्थावर मालमत्तेवर कर आणला. दारूबंदीची किंमत कुणी मोजायची, हा वाद तेव्हापासूनचा आहे.